लाहेची शाळा

तुम्ही तिघं तीन देशांत राहता, म्हणून हे सगळं मी तीनदा लिहून काढते आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात झेरॉक्स निघते, पण तीत माझं अक्षर फिकट येतं आणि मग तुम्ही वाचायचा कंटाळा करता, हे मला माहीत आहे.

मागच्या खेपेला जेवताना तुमच्यापैकी एकीने विचारलं होतं, "आजी, तू कधी परक्यांच्या घरी राहिली आहेस का गं?" मी "हो, जवळजवळ एक वर्ष" म्हणते न म्हणते तोच कोणीतरी ताक मागितलं आणि उत्तर राहून गेलं. ते आता देते.

लग्नाआधीची गोष्ट. पुण्यात माझी कॉलेजची दोन वर्षं झाली होती. इंग्रजी बरं होतं, अंगात उत्साह होता आणि स्थळं पाहणं चालू होतं. त्याच सुमारास एका लहानशा संस्थेला डोंगरातल्या वस्त्यांवर शाळा काढायला शिक्षक हवे होते. पगार नाही. जाण्यायेण्याचा खर्च, महिन्याचं धान्य आणि वर्षाला दोन लुगडी. राहायचं तिथल्याच एखाद्या घरात. मी नाव दिलं. वडिलांनी बराच विचार करून परवानगी दिली, ती एका वर्षाची. संस्थेची अट निराळी होती. दिवाळीनंतर त्यांचे एक गृहस्थ येऊन शाळा पाहणार. शाळा जम धरून बसली असेल तर पुढे चालवायची, नसेल तर मी परत यायचं. ही दुसरी अट लक्षात ठेवा. निघताना मला ती अगदी किरकोळ वाटली होती.

आगगाडीने नंदुरबार, तिथून बैलगाडीने प्रकाशाला तापीकाठी, नावेतून पलीकडे, मग शहादा. शहाद्यापर्यंत सगळीकडे काळी जमीन आणि कापूस वेचून संपलेली, उलंगलेली शेतं. तिथून दुसरी गाडी केली. गाडीवान खानदेशी बोलणारा, तोंडाने सैल. माझी पत्र्याची पेटी चढवताना त्याने कंबर धरली.

"काय शे वं माय या पेटीम्हा? दगडं भरेल शेतस का?"

"पाट्या आणि पुस्तकं."

"डोंगरम्हा? तठे कोन वाचस?" तो बराच वेळ हसला. मग बैलांकडे बघत म्हणाला, "तुन्ही मायले ठाऊक शे का, तू कोठे जाई ऱ्हायनी ते?"

आईला ठाऊक होतं. पण सातपुड्याच्या पायथ्याशी त्याने पेटी खाली ठेवली, "आते गाडी पुढे जावाव नही," असं म्हणाला आणि गाडी वळवली, तेव्हा मात्र आपल्या आईला नक्की काय ठाऊक आहे, याची मला शंका आली. पुढचा घाट पायी. पेटी तट्टावर. धडगाव ओलांडून नर्मदेच्या अंगाला आणखी एक दिवसाची वाट होती.

पोचले तेव्हा मी गाव शोधत होते. गाव दिसेना. समोर नुसते उतार, प्रत्येक उतारावर एक घर आणि घराभोवती त्याचं त्याचं शेत. एका घरातून दुसऱ्या घरी जायचं तर एक ओढा उतरून पुन्हा चढायचं. गल्ली नाही, चावडी नाही, ओट्यावर बसलेलं कोणी नाही. मला ज्या घरी उतरायचं होतं ते भिल्लांचं घर, गावच्या कारभाऱ्याचं. बांबूच्या कुडाच्या भिंती, एका अंगाला माणसं आणि दुसऱ्या अंगाला गुरं. कारभारी, त्याची बायको, त्यांची तीन मुलं आणि कारभाऱ्याची म्हातारी आई. तिला सगळे याहा म्हणत. याहा म्हणजे आई. मीही तेच म्हणू लागले.

याहाने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि मुलाला विचारलं, "एवढीच?"

त्यांना मास्तर म्हणजे कोणी धिप्पाड, मिशाळ माणूस येईल असं वाटलं होतं. कारभाऱ्याला बाजारामुळे थोडंफार मराठी येत होतं, त्याने ते मला सांगितलं आणि सगळं घर हसलं. मीही हसले, पण उशिरा.

त्यांचं बोलणं मला जसंच्या तसं आता लिहिता येणार नाही. कानात चाल आहे, शब्द गळून गेलेत. म्हणून ते इथे माझ्या भाषेत लिहिते आहे. तुम्ही वाचताना त्यात थोडं गाणं मिसळा म्हणजे झालं.

पहिले दोन महिने मला घरची आठवण कशी यायची ते सांगते. मला वाटलं होतं, मी पुणं, मैत्रिणी, पुस्तकं यांच्यासाठी झुरेन. तसं झालं नाही. मला आठवायची ती बारीकसारीक, कामाला न येणारी गोष्ट. आमच्या घरी संध्याकाळी आई आतून विचारायची, "कोण आलं गं?" आणि आलेला माणूस चपला काढता काढता म्हणायचा, "मीच." एवढंच. त्या उतारावर कोण आलं हे कोणी विचारत नसे, कारण येणारा माणूस पाऊण तास आधीपासून समोरच्या वाटेवर दिसत असे. मला कोणीतरी आतून विचारावं आणि मी "मीच" म्हणावं, म्हणून मी संध्याकाळी उगीच बाहेर जाऊन पुन्हा आत यायची.

आणि काम. मी झाडू उचलला की कारभाऱ्याची बायको हसत तो काढून घेई. जात्याजवळ बसले की याहा हाताने 'ऊठ' अशी खूण करी. "तू मेमान," ती म्हणे. पाहुणी. मक्याची भाकरी आणि आंबाडीची भाजी पहिल्यांदा मला वाढत, खाटेवर चांगली गोधडी मला देत, आणि मग सगळी आपापल्या कामाला निघून जात. पाहुणी म्हणून राहणं ही एकटं पडायची फार सभ्य रीत आहे. तुम्हीही परक्या देशांत राहता, तेव्हा हे तुम्हाला कळत असेल.

आता शाळा. कारभाऱ्याने उतारा-उतारावर जाऊन निरोप दिला होता, "बाईच्या शाळेला घरटी एक द्या." त्याप्रमाणे पहिल्या दिवशी मोहाच्या झाडाखाली घरटी एक मूल येऊन बसलं. मुली होत्या, मुलगे होते. मी खूश. नावं विचारून हजेरीपटात लिहिली, 'ग' शिकवला, गिरवून घेतला. दुसऱ्या दिवशी तितकीच मुलं आली, पण चेहरे वेगळे. मला वाटलं, कालची घाबरली. पुन्हा नावं लिहिली, पुन्हा 'ग'. तिसऱ्या दिवशी आणखी तिसरीच. ज्या घरात मी राहत होते, तिथूनसुद्धा एकच मूल येई, कधी थोरला, कधी मधली, कधी धाकटी. उरलेली दोघं शेळ्या घेऊन शाळेवरून जात आणि मला ओळख दाखवून हात हलवत.

एक दिवस एका घरातून आजोबा आले. पोरं सगळी गुंतलेली होती म्हणून. त्यांनी पाटी मांडीवर घेतली आणि दुपारपर्यंत मान वर न करता 'ग' गिरवला. जाताना पाटी परत करत मला म्हणाले, "झालं ना तुझं काम?"

"माझं?" मी म्हटलं.

"मग कोणाचं?" ते म्हणाले आणि काठी टेकत उतरून गेले.

दुपार झाली की सगळी मुलं हात पुसून माझ्याकडे बघत बसायची. मी समजत होते, यांना अजून शिकायचं आहे. मी आणखी शिकवायची.

श्रावणात शेतांत तण माजलं आणि एका सकाळी मोहाखाली कोणीच आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी तिथे एकटी बसून राहिले. फळा पावसाने ओला होई, तो पुसून कोरडा करी, पुन्हा ओला होई. मनात आलं, संस्थेला कळवून टाकावं आणि घरी जावं. आईच्या हाकेची इतकी ओढ लागली होती की शाळा मोडल्याचं वाईटही धड वाटत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी घरीच बसले. याहा सुपात उडीद निवडत होती. मी तिला माझ्या मोडक्यातोडक्या बोलीत विचारलं, "मुलं का येत नाहीत?"

"तू कोणाकडे गेलीस?"

"कशाला?"

"निंदणीला."

मला कळेना. याहाने सूप खाली ठेवलं. लहान मुलाला समजवावं तसं तिने समजावलं. ज्याचं मोठं काम निघेल, त्याच्याकडे घरटी एकाने जायचं. घर बांधायचं असो, निंदणी असो, कापणी असो. कोण जाईल ते घराने ठरवायचं, ज्याला सवड असेल तो. काम ज्याचं, त्याने दुपारी जेवायला घालायचं. मग आपलं काम निघालं की त्याच्या घरचं कोणीतरी आपल्याकडे येतं. याला लाह म्हणतात.

"ती सगळी तुझ्या लाहेला आली," याहा म्हणाली. "कितीदा आली! तू त्यांना जेवायला घातलं नाहीस. तू कोणाच्या शेतात गेली नाहीस. तरी येत राहिली. लांबची आहे, तिला रीत माहीत नाही, म्हणून."

"पण याहा, शिकणं हे त्यांचं काम आहे. माझं नाही."

"त्यांचं?" तिने भुवया उंचावल्या. "मग पेटी कोण घेऊन आलं?"

याचं उत्तर मी अजून शोधते आहे. तुम्हाला सुचत असेल तर कळवा.

मग मी म्हटलं, "मला निंदणीला पाठवा."

"तू मेमान."

"मी मेमान नाही. या घरातून घरटी एक जायचं ना? उद्या ती एक मी."

याहाने सुनेकडे पाहिलं. सून तोंडावर पदर धरून हसत होती. मग याहा म्हणाली, "हिला खुरपं दे. धारेचं नको, बोथट झालंय ते दे. नाहीतर बोटं कापून घेईल आणि हिचा बाप आमच्याशी भांडायला येईल."

दुसऱ्या दिवशी समोरच्या उतारावरच्या घरी मी निंदणीला गेले. बरटी नावाचं एक धान्य तिथे पेरतात. कोवळं असताना ते हुबेहूब गवतासारखं दिसतं, निदान मला दिसलं. मी नेटाने, ओळीने, अगदी स्वच्छ निंदत पुढे गेले. मागून एक बाई ओरडली. मी मागे पाहिलं, तर माझ्या पट्ट्यात काळ्या मातीखेरीज काही उरलं नव्हतं.

"बाईने वर्षाचं सगळं तण काढलं!" एक म्हणाली.

"बरटी पण काढली. आता या घरी कोणी जेवायचं नाही."

"हिला शाळेत घाला. आधी गवताचा धडा द्या."

घरधनीण स्वतःच हसत माझ्या शेजारी येऊन बसली आणि एका हातात बरटी, एका हातात तण धरून दाखवू लागली. दुपारी डाळ-भाकरी जेवलो. कोणी मला आधी वाढलं नाही. पानं जशी मांडली होती तशी सगळ्यांना वाढली आणि माझं पान शेवटून दुसरं होतं. त्या जेवणाची चव मी तुम्हाला सांगू शकणार नाही.

त्यानंतर मी एकेक दिवस एकेका उतारावर गेले आणि मुलं पुन्हा येऊ लागली. संस्थेकडून येणाऱ्या माझ्या धान्यातून कारभाऱ्याची बायको दुपारी शाळेसाठी उडदाची डाळ शिजवू लागली. मुलं आलटूनपालटूनच येत राहिली. एकच मूल रोज पाठवा, असं मी दोन घरी सांगून पाहिलं. "मग बाकीच्यांनी काय करायचं?" असा उलटा प्रश्न आला, तेव्हा तो नाद सोडला. रोज पुन्हा 'ग' शिकवणंही सोडलं. रोज एक नवं अक्षर. आज जो आला, त्याने आजचं अक्षर घरी न्यावं.

आणि ती नेत. संध्याकाळी आमच्याच घरी बघायची मी. चुलीशेजारी राख पसरून मधली मुलगी त्या दिवशीचं अक्षर काढी आणि भावंडं बाजारातून आणलेल्या वस्तूकडे बघावं तशी वाकून बघत. पण त्याला हात लावत नसत. थोरल्याने आणलेलं अक्षर थोरल्याचं, धाकटीने आणलेलं धाकटीचं. मी म्हणायची, "अरे, सगळ्यांनी सगळी शिका." त्यांना ते चोरीसारखं वाटे.

भाद्रपद संपला, जोंधळा कमरेच्या वर गेला. एक दिवस मी पलीकडच्या उतारावरून दमून परत येत होते. कुडाच्या आतून याहाने माझ्या पावलांचा आवाज ऐकला आणि ती सुनेला म्हणाली, "बघ, आपली आली." मी दारातच थांबले. आपली आली. मला आत जायचं होतं आणि जावंसंही वाटत नव्हतं, कारण ते वाक्य हवेत अजून थोडा वेळ राहावं असं वाटत होतं.

त्या दिवसापासून मला परत जायचं नव्हतं. पुण्याची आठवण यायची, पण दुसऱ्याच कोणाच्या घराची यावी तशी. मी वडिलांना लिहिलं, आणखी एक वर्ष द्या. त्यांचं उत्तर आलं, संस्था ठेवत असेल तर राहा, नसेल तर मुकाट्याने घरी ये. म्हणजे सगळं त्या दिवाळीनंतर येणाऱ्या गृहस्थांवर आलं. रात्री अंथरुणावर पडलं की मनात एकच येई, शाळा बसली पाहिजे. मला इथे राहायचं आहे.

ते गृहस्थ मार्गशीर्षात आले. तट्टावरून उतरले, चष्मा पुसला, सगळ्यांना नमस्कार केला. भला माणूस. घाटात त्यांचा एक बूट फाटला होता, त्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. मोहाखाली खाट टाकली. त्यांनी हजेरीपट मागितला. मी तो नीट आखलेला होता, पण श्रावणापासून त्यात मुलांच्या नावांऐवजी मी घरं लिहीत होते.

"इथे मुलांची नावं हवीत," ते म्हणाले. "घर कसं हजर राहील?"

"इथे राहतं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं, आणि फळ्यावर आपल्या हाताने एक शब्द लिहिला. कमळ. त्या डोंगरात कमळ कोणी पाहिलेलं नव्हतं. त्या दिवशी आमच्या घरातून मधली मुलगी आली होती. तिला त्यांनी पुढे बोलावलं.

"वाच बरं, बाळ."

"क," ती म्हणाली आणि थांबली.

"पुढे?"

"पुढचं भावाचं आहे."

"भावाचं म्हणजे?"

"ते भावाने आणलं. क मी आणला."

"मग भाऊ कुठे आहे?"

"शेळ्यांमागे."

गृहस्थ काही बोलायच्या आत ती उताराच्या कडेला धावली. त्या लोकांना एका उतारावरून दुसऱ्या उतारावर बोलायची सवय असते. हाक लांब ओढतात, ती दरीवरून तरंगत जाते. तिने तोंडाशी हात धरून हाक दिली. समोरच्या डोंगरावरून, कुठे ते दिसलं नाही, पण उत्तर आलं.

"एक दांडी आहे!" ती ओरडली. "तिला डाव्या बाजूने गाठ मारलीय!"

थोडा वेळ गेला. मग वरून आवाज आला, "म!"

"आणि दोन अंडी! शेजारी शेजारी!"

या वेळी बराच वेळ काही नाही. मग, "ते माझं नाही! धाकटीचं!"

धाकटी खाली घराजवळ कोंबड्यांमागे होती. तिला वेगळी हाक मारावी लागली नाही, तिने सगळं ऐकलं होतं. तिचा बारीक आवाज आला, "ळ! ळ! ते माझं!"

मुलगी परत फळ्याशी आली. श्वास लागला होता. बोट ठेवत ठेवत म्हणाली, "क, म, ळ. कमळ." आणि गृहस्थांना विचारलं, "म्हणजे काय?"

गृहस्थ हसले. इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. सगळी मुलं हसली, डाळ ढवळणारी कारभाऱ्याची बायको हसली. मीही हसले, आणि मला वाटलं, झालं. बसली शाळा.

जेवण झाल्यावर ते आणि मी ओढ्यापर्यंत चालत गेलो. "आजच्यासारखी सकाळ मी बऱ्याच वर्षांत पाहिली नाही," ते म्हणाले. "पण बाई, मी समितीला काय सांगू? एकाही मुलाला एक पूर्ण शब्द वाचता येत नाही."

"घराला येतो."

"घराला चौथीची परीक्षा देता येत नाही."

मी त्यांना म्हटलं, आणखी एक वर्ष द्या. काना-मात्रा पुऱ्या होतील, मग मी त्यांना एकमेकांची अक्षरं घ्यायला लावीन, मला रीत सापडेल. ते ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "तुम्हाला शाळा चालवायची आहे, की इथे राहायचं आहे?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. "ते दिसतं." आणि फाटका बूट सांभाळत मागे वळले. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच ठरवलं असतं, असं मला नंतर कितीतरी वेळा वाटलं आहे आणि तितक्याच वेळा वाटलेलं नाही. समितीने ठरवलं, धडगावात एक वसतिगृह काढायचं, मुलग्यांचं, कायम राहणाऱ्या मुलांचं. तिथे एक मास्तर नेमायचे. माझी शाळा बंद. मी पौष संपायच्या आत परतायचं.

हे मी घरी सांगितलं तेव्हा कारभारी उठून गुरांकडे गेला. त्याच्या बायकोने पेटी कुठे आहे ते पाहिलं आणि उगीच तिच्यावरची धूळ पुसली. याहा जोंधळ्याची कणसं बडवत होती. तिने विचारलं, "तू जातेस. मग तुझ्या घरचं कोण येईल?"

"म्हणजे?"

"तुला जमत नाही, ठीक आहे. बाप बोलावतोय. होतं असं. पण घर आहे ना तुझं? त्यातलं दुसरं कोणीतरी येईल. कोण?"

मी म्हटलं, "कोणी नाही यायचं, याहा."

"तुला बहीण नाही?"

"आहे. धाकटी."

"मग तिला पाठव." याहाने कणसं उलटी केली आणि पुन्हा बडवायला लागली. "तिला सांग, वाटेत पाय जपायचे. आणि बरटी ओळखायला शिकवून पाठव."

मला ते नाकारता आलं नाही. मी मान हलवली. निघताना ती रडली नाही, दारापर्यंतही आली नाही. तिच्या हिशेबी आमच्या घरचा कोणीतरी लवकरच येणार होता, त्यात निरोप कसला घ्यायचा?

मी पुण्याला पोचले आणि खरंच धाकट्या बहिणीला विचारलं. ती म्हणाली, "ताई, तुला वेड लागलंय का?" पुढच्या वैशाखात माझ्याआधी तिचंच लग्न झालं, त्याच्या पुढच्या वर्षी माझं. तुमचे आजोबा चांगले होते, पण त्यांच्या बदल्या नागपूरकडे आणि नंतर मुंबईला. मुलं झाली, घर वाढलं, मी शाळेत शिकवू लागले, पक्क्या इमारतीतल्या, नावांचा हजेरीपट असलेल्या शाळेत. तिथे कोणी तरुण, अंगात उत्साह असलेली मुलगी भेटली की मी विचारायची, एक वर्ष जाशील का? एका भाचीला विचारलं. एका शेजारणीच्या सुनेला विचारलं, ती घाबरली. वर्गातल्या दोन-तीन मुलींना विचारलं. त्यांच्या आईबापांना वाटलं, बाई जरा विक्षिप्त आहेत. कोणी गेलं नाही. मी स्वतः का गेले नाही, याची कारणं मी नीट क्रमवार देऊ शकते आणि ती सगळी खरी आहेत.

आता धडगावपर्यंत जीप जाते म्हणतात. याहा कधीच गेली असणार. ती मधली मुलगी असलीच तर स्वतःच याहा झाली असेल. तिला मी आठवत असेन असं मला वाटत नाही. पण संध्याकाळी इथे सगळं आवरून मी गॅलरीत बसते, तेव्हा तो उतार समोर येतो. जोंधळा उभा असतो. आत म्हातारी वाटेकडे बघत, पुण्याकडून कोणी येतंय का ते पाहत असते, अगदी निवांत, कोणीतरी येणारच अशा खात्रीने. मला तिला इथून हाक मारून सांगावंसं वाटतं की वाट पाहू नकोस. आणि सांगवत नाही.